दोन पत्त्यांचा पेशंट

टीबीचा पेशंट सापडला की यंत्रणा आधी पत्ता विचारते. गाव कोणतं, आरोग्य केंद्र कोणतं, आशाताई कोण. औषध त्या पत्त्यावर पोचतं, घरच्यांची तपासणी त्या पत्त्यावर होते, सहा महिने लक्ष कुणी ठेवायचं हेही पत्त्यावरूनच ठरतं. गावात राहून शेती किंवा दुकान करणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर देणं सोपं असतं. विद्यार्थ्याला नसतं. तो राहतो लातूरच्या एका भाड्याच्या खोलीत, आधार कार्डावर असतो मुखेड तालुक्यातल्या गावात, आणि परीक्षा संपल्यावर कुठं असेल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

मी डॉक्टर आहे. आधी लातूरला एका महाविद्यालयाच्या आरोग्य केंद्रात आणि पुढं नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूच्या अशाच एका केंद्रात मी काम केलं. आरोग्य केंद्र म्हणजे एक टेबल, तपासणीचा पलंग, वजनकाटा, औषधांचं कपाट आणि एक सिस्टर. दुपारी तास सुटले की मुलं येतात. पित्त, डोकेदुखी, पाळीचं दुखणं, ताप. त्यातून टीबी ओळखायचा, तो सरकारी कार्यक्रमाच्या हाती सोपवायचा आणि सोपवल्यावरही त्या मुलाची साथ सोडायची नाही, हे काम हळूहळू माझ्या नोकरीचा गाभा झालं. नेमणुकीच्या पत्रात त्याचा उल्लेख नव्हता.

ही दोन्ही शहरं शिकायला आलेल्या मुलांनी भरलेली आहेत. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून राज्यभरातून मुलं येतात. उद्योग भवनाचा परिसर तर 'ट्यूशन एरिया' म्हणूनच ओळखला जातो. नांदेडला भाग्यनगर, श्यामनगरच्या गल्ल्यांत तेच चित्र. शिवाय १९९४ साली १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याच्या कक्षेत येतात, मुख्य परिसर विष्णुपुरीला आणि उपपरिसर लातूरला. त्याच विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत छातीरोग विभाग असतो, टीबी कार्यक्रमाची समिती असते, तपासण्या फुकट होतात. तरीही खोकणारं पोर आपल्या पायानं तिथवर जात नाही. ओपीडीच्या रांगेत एक दिवस जातो आणि त्या दिवशी नेमकी टेस्ट असते.

शाळेत असेपर्यंत त्याच्यावर कुणाची तरी नजर असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत जातं, शाळेत जातं, आश्रमशाळेत जातं, पण ते अठरा वर्षांपर्यंत. पुढं पदवीच्या मुलाकडं पाहायला असं कुठलंच पथक येत नाही. गावातल्या आशाताईच्या यादीत तो आहे, पण गावात नाही. शहरातल्या आशाताईच्या गल्लीत तो आहे, पण तिच्या यादीत नाही. दिवसभर खोलीला कुलूप असतं, सर्वेक्षणाला येणारी बाई दारावर खडूनं खूण करून पुढं जाते.

खोकल्याला मुलांकडं कारण तयार असतं. "मॅडम, अभ्यासिकेतल्या एसीनं खोकला येऊ लालाय." वजन उतरलं तर खानावळीचं जेवण. संध्याकाळी बारीक ताप आला तर जागरण. राष्ट्रीय क्षयरोग प्राबल्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झालं. त्यात टीबीची लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुणाकडंच उपचाराला गेले नव्हते, आणि त्यातल्या बहुतेकांनी लक्षणांकडं दुर्लक्ष केलं होतं. स्पर्धेच्या वर्षातला विद्यार्थी या आकड्यात अगदी चपखल बसतो. त्याच सर्वेक्षणानं दुसरी गोष्ट दाखवली: छातीचा एक्स-रे काढला नसता तर ४० टक्क्यांहून जास्त रुग्ण निसटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. म्हणून मी खोकल्याची वाट न पाहता वजनकाट्यावर भिस्त ठेवली. प्रत्येक मुलाचं वजन करायचं, तो डोकेदुखीची गोळी मागायला आला असला तरी. जुलैत बावन्न किलोची असलेली मुलगी दिवाळीला शेहेचाळीसवर आली तर तिला बसवून घ्यायचं.

आणखी एक अडथळा औषधाच्या दुकानात असतो. चिठ्ठी नसतानाही लिव्होफ्लॉक्सासिन मिळतं, पाच दिवस घेतलं की ताप उतरतो, खोकला कमी होतो. ते औषध टीबीच्या जंतूंवरही थोडं चालतं, त्यामुळं आजार दबतो आणि निदान लांबतं. म्हणून 'आधी काय काय घेतलं' हा प्रश्न मी रिकामी पाकिटं समोर मागवून विचारते.

सहकार्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर करारपत्र आणि सभागृहातला समारंभ येतो. आमचं सहकार्य सुरू झालं ते बेडका तपासणीच्या फाल्कन ट्यूबपासून. झाकणाच्या त्या प्लास्टिकच्या नळ्या क्षयरोग केंद्रातून आमच्या कपाटात आणून ठेवल्या, तेव्हा निम्मं काम झालं. मुलाला दवाखान्यात पाठवायचं नाही, त्याचा नमुना पाठवायचा. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, वसतिगृहाच्या गच्चीवर मोकळ्या हवेत खोल खोकून बेडका काढायचा. नुसती थुंकी चालत नाही, हे सिस्टर करून दाखवायच्या. नळीवर नाव लिहायचं नाही, आमच्या रजिस्टरचा नंबर लिहायचा, कारण नमुन्यांचा डबा घेऊन जाणारा शिपाई त्याच वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवतो. तपासणीचा अर्ज पाकीटबंद, वेगळा. टीबी केंद्रातल्या लॅब टेक्निशियनला ही पद्धत आधी नको होती, त्यांच्या वहीत नाव लागतं. मग आमचे एसटीएस मध्ये पडले. वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक हे त्यांचं पद, पण सगळे एसटीएसच म्हणतात. मोटारसायकलवर तालुका पालथा घालणारा, कार्यक्रमाचा खरा कणा असलेला माणूस. त्यांनी सुचवलं की अर्जावर नाव आणि नंबर दोन्ही राहू द्या, नळीवर फक्त नंबर. तेवढ्यानं काम भागलं.

आता ट्रूनॅट यंत्रामुळं एक-दोन तासांत टीबी आहे की नाही कळतं, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देत नाहीत का हेही त्याच दिवशी कळतं. हे यंत्र गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं, बॅटरीवर चालणारं, तालुक्याच्या जागी ठेवता येणारं. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसेपर्यंत वाट पाहावी लागे. आज सकाळी नमुना, संध्याकाळी फोन. तो फोन आमच्याकडं यावा, थेट मुलाला जाऊ नये, असं आम्ही ठरवून घेतलं होतं. खोलीत एकट्या बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला टीबी आहे हे अनोळखी आवाजातून कळू नये.

निदान झाल्यावर पहिला पेच वसतिगृहाचा. रेक्टर सरांचं म्हणणं ठरलेलं असायचं: "मॅडम, बाकीच्या पोरांचं काय? ह्याला घरी पाठवा, बरा झाला की येईल." पालकांचे फोन त्यांना येतात, त्यांची काळजी मला कळते. पण घरी पाठवणं म्हणजे काय हे मी पाहिलं होतं. वर्ष जातं, बऱ्याचदा औषधही सुटतं. अशा वेळी मी त्यांना मद्रासचा प्रयोग सांगायची. १९५६ साली तिथं क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झालं. गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतले रुग्ण घेतले, निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना घरीच औषध दिलं. १९५९ ला निष्कर्ष आले. घरी औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नाही. धोका होता तो औषध सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांत. जगानं त्यानंतर सॅनेटोरियमं बंद करत आणली. नीट औषध सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत संसर्ग खूप उतरतो. तेवढे दिवस वेगळी खोली, उघडी खिडकी, तोंडाला मास्क. मग वर्गात बसू द्या.

रेक्टर सरांनी एकदा विचारलं, "आणि दोन आठवड्यांनी काही झालं तर जबाबदारी कुणाची?" प्रश्न रास्त होता. त्यावर तोंडी उत्तर पुरत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीरोग विभागातून 'वर्गात बसण्यास हरकत नाही' असं पत्र मागवायचा रिवाज तेव्हापासून पडला. पत्रात आजाराचं नाव नसतं. त्याच पत्रावर हजेरीची सूट मिळते. रेक्टरच्या खांद्यावरचं ओझं एका सहीनं उतरतं, आणि मुलाची खोली टिकते.

मानेच्या गाठीचा टीबी मुलींमध्ये पुष्कळ दिसतो. ओढणीखाली दोन-दोन महिने लपवलेली गाठ घेऊन त्या येतात. ही गाठ कुणाला लागत नाही, खोलीतल्या मैत्रिणींनी घाबरायचं कारण नाही, हे आम्ही पहिल्या वाक्यात सांगतो. अशाच एका मुलीची आई गावाहून आली. नांदेड जिल्ह्याच्या टोकाचा तालुका, घरी दोन एकर कोरडवाहू. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती. हात जोडून एवढंच म्हणाली, "बाई, औषध कितीबी द्या, पर गावात कळू देऊ नका. पोरगी सोयरिकीला आली आता."

टीबी रुग्णांच्या नोंदीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद झाली की घराच्या पत्त्यावरचे कर्मचारी भेटीला जातात. ते त्यांचं कर्तव्य आहे. घरातल्यांची तपासणी व्हायलाच हवी. आणि या घरात आजोबा होते, कित्येक महिन्यांपासून खोकणारे, ज्यांच्याजवळ ही मुलगी सुट्टीभर बसायची. आईचा शब्द राखायचा तर आजोबा निदानाविना राहतात. आजोबांना वाचवायचं तर आशाताई दारात उभी राहते आणि दुपारपर्यंत गल्लीला कळतं. माझ्या मते यात आईला अडाणी ठरवणं हा अन्याय आहे. तिच्या गावात काय होतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी एसटीएसना फोन केला, त्यांनी त्या तालुक्यातल्या त्यांच्या जोडीदाराला. तिथल्या माणसानं युक्ती काढली. उपकेंद्रात साठीपुढच्या सगळ्यांसाठी तपासणीचा दिवस ठेवला: रक्तदाब, साखर, आणि हातात धरायच्या यंत्रानं छातीचा एक्स-रे. गावातले म्हातारे रांगेत बसले, त्यात हे आजोबाही. त्यांच्या बेडक्यात टीबी निघाला. आणि घरात टीबी आजोबांचा म्हणून कळला, नातीचं नाव कुठं आलं नाही. दोघांचं औषध एकाच वेळी चाललं, दोन वेगळ्या ठिकाणांहून. परिपत्रकात या युक्तीला नाव नाही, पण दोन तालुक्यांतली माणसं एकमेकांना ओळखत असली की ती सुचते.

खरी कसोटी दिवाळीत लागते. वसतिगृह रिकामं होतं, मुलं एसटीनं पांगतात: किनवट, अहमदपूर, जिंतूर, पुसद. निक्षयवर पेशंट एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात 'ट्रान्सफर' करता येतो, पण तिकडच्यानं तो स्वीकारावा लागतो. स्वीकार व्हायला आठवडा लागला तर सुट्टी संपते आणि मूल आठवडाभर औषधाविना राहतं. नांदेडात हद्दीचा गुंता आणखी: शहराची महापालिका वेगळी, ग्रामीण भाग जिल्हा परिषदेचा. मूल झोपतं एकीकडं, शिकतं दुसरीकडं. म्हणून ट्रान्सफरची वाट न पाहता सुट्टीपुरतं औषध सोबत द्यायचं, आणि गावाकडच्या एसटीएसचा नंबर मुलाच्या फोनमध्ये आमच्यासमोर साठवून एकदा फोन लावून बोलणं करून द्यायचं, असा आमचा परिपाठ झाला. आवाज ओळखीचा झाला की मूल अडचणीत फोन करतं. २०२४ च्या सुरुवातीला देशभर टीबीच्या औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा महिन्याचं औषध एकदम मिळेना, थोडं थोडं मिळू लागलं. त्या काळात हेच ओळखीचे नंबर कामाला आले. कुणाकडं पट्ट्या शिल्लक आहेत, कोण कुणाला किती देऊ शकतं, याचे फोन रात्रीपर्यंत चालत.

औषधाचे पहिले दोन आठवडे आम्ही मुलाला रोज केंद्रात बोलावतो. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या मुलाला रोज तीन गोळ्या. लघवी केशरी होणार हे आधी सांगितलं नाही तर मूल रक्त समजून घाबरतं आणि गोळ्या फेकून देतं. मळमळ होते, सांधे दुखतात, डोळ्यांपुढं धूसर झालं तर लगेच यायचं. हे सांगायला मोठा डॉक्टर लागत नाही, रोज दिसणारं माणूस लागतं, आणि वर्गाशेजारचा दवाखाना तेवढं नक्की देऊ शकतो.

जेवणाबद्दल मला जास्त बोलावंसं वाटतं, कारण त्याकडं सगळ्यात कमी लक्ष आहे. झारखंडमध्ये झालेल्या 'राशन्स' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ ला आले. टीबी रुग्णांच्या दहा हजारांवर घरच्या माणसांपैकी ज्यांना पुरेसं धान्य मिळालं त्यांच्यात नवा टीबी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. निव्वळ पोषणानं. आमच्या मुलांची थाळी पाहा: दोन पोळ्या, पातळ वरण, बटाट्याची भाजी, भात. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद, म्हणून वडापाव. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण ते पैसे गावाकडच्या बँकेच्या खात्यात जमा होतात आणि पुष्कळदा तिथंच घरखर्चाला लागतात. त्या घराला त्यांची गरज असते, मी त्याला नावं ठेवणार नाही. निक्षय मित्र योजनेतून पोषण आहाराची टोपली देता येते. पण चूल नसलेल्या खोलीत कोरडी तूरडाळ घेऊन मुलानं काय करायचं? आम्ही मेसच्या मावशींशी बोललो. माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांनी खर्च उचलला. रोज दोन अंडी, जो खात नाही त्याला शेंगदाण्याचे लाडू आणि दूध, आणि कुणाच्या नावानं ते मावशींखेरीज कुणाला माहीत नाही. वजनकाट्यावर महिन्यात फरक दिसला.

इथलं एखादं पोर शिकायला इंग्लंडला निघालं की व्हिसासाठी त्याच्या छातीचा एक्स-रे काढावा लागतो, टीबी नसल्याचा दाखला द्यावा लागतो. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं आपल्याकडून गेलेल्या मुलांची तपासणी त्यांच्याच आरोग्य केंद्रात करतात आणि गरज पडली तर स्थानिक आरोग्य खात्याला कळवतात. त्यांच्याकडं टीबी थोडा, म्हणून ते दारात अडवू शकतात. आपल्याकडं असा दाखला प्रवेशाच्या वेळी मागावा, असं मला काही प्राध्यापकांनी सुचवलं. माझा त्याला ठाम विरोध आहे. दाखला मागितला की मूल आजार लपवणार, प्रवेशाआधी कुठून तरी कागद आणणार. तिकडचं घ्यायचं असेल तर ते एवढंच घ्यावं की कॅम्पसचा डॉक्टर आणि आरोग्य खातं एकमेकांना नावानिशी ओळखतात.

माझी मागणी साधी आहे. टीबी मे २०१२ पासून कळवण्याजोगा आजार आहे, खासगी डॉक्टरही नोंद करतात. तसं प्रत्येक मोठ्या महाविद्यालयाच्या आरोग्य केंद्राला निक्षयवर उपचार केंद्र म्हणून स्वतःची जागा मिळावी. सिस्टरला प्रशिक्षण मिळावं. म्हणजे मी किंवा आमचे एसटीएस बदलून गेलो तरी व्यवस्था आमच्या दोघांच्या फोनबरोबर जाणार नाही. आज ती बहुतेक ठिकाणी दोन चांगल्या माणसांच्या ओळखीवर उभी आहे.

आणि सगळ्यात मोठं काम अजून बाहेर पडलं आहे: अभ्यासिका. वसतिगृहाला रेक्टर असतो, महाविद्यालयाला प्राचार्य. अभ्यासिकेला मालक आणि महिन्याची फी. प्लायवुडचे खण, खिडक्यांना काळी काच, एसी लावलेला म्हणून सगळं बंद, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत तीच मुलं त्याच हवेत. कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत निकटच्या संपर्काची व्याख्या घरापुरती नाही. बंदिस्त जागेत दिवसाचा बराच वेळ रुग्णासोबत असलेला माणूसही त्यात येतो. म्हणजे शेजारच्या खणात रोज दहा तास बसणारा मुलगा तपासणीचा आणि गरज असेल तर प्रतिबंधक औषधाचा हक्कदार आहे. आठवड्याला एक डोस, असे बारा डोस. पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर मालकाला सांगावं लागतं, आणि मालकाला सांगितलं की पेशंट मुलाची खुर्ची जाते. आतापर्यंत आम्ही मुलाकडूनच शेजाऱ्यांची नावं घेतली आणि एकेकाला 'वजन करून जा' म्हणून बोलावलं. हे पुरेसं नाही. एका मालकानं मात्र आमचं ऐकून वरच्या बाजूला दोन एक्झॉस्ट पंखे बसवले आणि दुपारी तासभर खिडक्या उघडायला सुरुवात केली. वीजबिल वाढल्याची त्यांची तक्रार आहे, तरी पंखे चालू आहेत. जूनमध्ये नवी मुलं यायच्या आत एसटीएस, सिस्टर आणि मी श्यामनगरातल्या बाकीच्या अभ्यासिका पाहणार आहोत. कुठल्याही पेशंटचं नाव न घेता, फक्त हवेबद्दल बोलायचं ठरलं आहे.